बातमीत माझं नाव आलं, तिचं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ४ वर ‘मॅरेथॉनला उत्स्फूर्त प्रतिसाद’ ही बातमी वाचली आणि राहवलं नाही. झेंडा दाखवतानाचा तीन कॉलमी फोटो आणि खाली मान्यवरांची नावं. मी मोजली, चौदा आहेत. पहिलं कोण आलं, किती मिनिटांत आलं, याबद्दल एक अक्षर नाही. धावलेल्या एकाही पोराचं नाव नाही.

माझी सून नर्स आहे. वयाच्या ४१ व्या वर्षी, यंदाच्या जानेवारीत, तिने मुंबईची पूर्ण मॅरेथॉन ४ तास ४७ मिनिटांत पार केली. वर्षभर ड्युटी आणि घर सांभाळून ती पहाटे साडेचारला उठत होती. रविवारी यवतेश्वरचा घाट. अंधारात कुत्री अंगावर येतात म्हणून मी स्कूटर घेऊन तिच्या मागे असायचो. मुंबईत शेवटी शेवटी पेडर रोडचा चढ लागतो. तिथे तिच्या पायात गोळे आले. ती चालली, पण बसली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मजकूर, फोटो आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन आपल्या इथल्या कार्यालयात गेलो. “कितवा नंबर आला?” नंबर नाही, पूर्ण केली, असं मी सांगितलं. “मग बातमी काय त्यात?” वर वेळ खरी कशावरून, हाही प्रश्न. अहो, बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या पट्टीला, चिप असते. संकेतस्थळावर बिब नंबर टाकला की प्रत्येक टप्प्याची वेळ दिसते. मी तिथेच मोबाइलवर काढून दाखवली. शेवटी उत्तर मिळालं, शुभेच्छांची जाहिरात द्या, सोबत बातमी लावू. जाहिरात मी दिली नाही.

१९ दिवसांनी ‘थोडक्यात’मध्ये तीन ओळी आल्या. ‘येथील निवृत्त मुख्याध्यापक’ म्हणून माझं संपूर्ण नाव, आणि पुढे ‘यांच्या सूनबाईंनी मुंबई येथील स्पर्धेत यश मिळवले’. तिचं नाव नाही, अंतर नाही, वेळ नाही. मी दिलेल्या मजकुरात पहिला शब्दच तिचं नाव होता! दिवसभर लोक फोन करून माझं अभिनंदन करत होते. तिने पेपर वाचला, घडी घालून ठेवला आणि ड्युटीला निघून गेली. मला तिच्याकडे बघवेना.

ललिता बाबर आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली, दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत तिच्याआधी भारतीय महिला अंतिम फेरीत होती ती १९८४ मध्ये, पी. टी. उषा. माझी सून ललिता नाही, हे मलाही कळतं. पण मोहीच्या पोरी जशा तिच्याकडे बघतात, तशा वॉर्डातल्या दोन मुली आता माझ्या सुनेबरोबर पहाटे धावायला येतात.

आणखी एक. कालच्या बातमीतली ती दौड तीन किलोमीटरची होती. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. तीन किलोमीटरला दौड म्हणा, धावस्पर्धा म्हणा. आपण सगळ्यालाच मॅरेथॉन छापता, म्हणून शेजारीपाजारी सुनेला विचारतात, “आमचा बंड्या पण परवा मॅरेथॉन पळाला, तुमची किती होती?”

तिचं नाव, बिब नंबर आणि वेळ सोबतच्या कागदावर पुन्हा लिहून दिली आहे. या पत्राखाली माझं नाव घालू नये. जागा कमी पडली तर पत्रही गाळा, पण ती एक ओळ छापा.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा