पहिले घर घेताना हप्त्याबरोबर ओलही पाहा

संपादक महोदय,

घरखरेदीवरच्या बहुतेक लेखांत किती पगारावर किती कर्ज मिळते, याचे कोष्टक ठळकपणे छापलेले असते. पहिल्यांदा घर घेणारा ते पाहतो, हप्ता कसाबसा बसेल इतकी मुदत ताणतो आणि साठवलेले सगळे पैसे सुरुवातीच्या रकमेत घालतो. पुढे चार महिन्यांत न्हाणीघराची भिंत पाझरू लागते, तेव्हा गवंड्याला द्यायला हातात काही नसते.

व्याजदर ९ टक्के धरू. २० वर्षांत एकूण परतफेड मुद्दलाच्या सुमारे २.१६ पट होते, तर ३० वर्षांत २.९ पट. दहा वर्षे जास्त अडकूनही हप्ता कमी होतो तो जेमतेम साडेदहा टक्क्यांनी. २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातला ८३ टक्के भाग व्याजातच जातो. पाच वर्षे नियमित भरूनही मुद्दल फिटते ते अवघे ११ टक्के, आणि निम्मे फिटायला १४ वर्षे लागतात. पाच-सात वर्षांत गाव किंवा नोकरी बदलण्याची शक्यता असेल, तर भाड्याने राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे हा सल्ला मनावर घेऊ नये.

बदलत्या व्याजदराचे गणित याहून बोचरे आहे. सुरुवातीलाच दर ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांचे कर्ज २६ वर्षांवर जाते. दर ११ झाला, तर त्या हप्त्यात महिन्याचे व्याजही भागत नाही, मुद्दल उलट वाढू लागते. म्हणून घराचा आकार ठरवताना हप्ता आजच्या दराने नव्हे, दोन टक्के चढ्या दराने काढून पाहावा. खरेदीचे सगळे खर्च भागवून सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च शिल्लक राहत नसेल, तर एक खोली कमी असलेले घर बघावे. याउलट दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर २० वर्षांचे कर्ज साधारण साडेतीन वर्षे आधी संपते. मात्र अशा भरण्यावर शुल्क आहे का आणि रक्कम मुद्दलातूनच वजा होते का, हे सही करण्यापूर्वी करारात वाचावे.

आता घराकडे. जुने घर पाहायचे तर शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जावे आणि दिवसा एकदा, रात्री एकदा असे जावे. ओल कुठून येते यावर तिचा खर्च ठरतो. जमिनीलगत साधारण एक मीटर उंचीपर्यंत आडवा पट्टा, पांढरे क्षार आणि फुगलेला रंग दिसला, तर पाणी घराच्या पायातून वर चढते आहे. हे काम सर्वांत किचकट, कारण नुसते प्लास्टर बदलून ते थांबत नाही. पावसानंतर पसरणारा आणि उन्हाळ्यात सुकणारा डाग छताचा, बाहेरच्या भिंतीचा किंवा खिडकीच्या चौकटीचा असतो. बाराही महिने ओला राहणारा डाग बहुधा नळाच्या नाहीतर सांडपाण्याच्या पाइपचा. न्हाणीघराच्या भिंतीची पलीकडची बाजू आणि कपाटामागची भिंत आवर्जून पाहावी. एकाच भिंतीला ताजा रंग दिला असेल, तर का दिला हे विचारावे.

रंगाला पडलेल्या केसासारख्या भेगांनी घाबरू नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, नाणे शिरेल इतकी रुंद भेग किंवा खालचे काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसणारा स्लॅब असेल, तर मात्र संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडत राहतो आणि वरून केलेला गिलावा पुन्हा सुटतो.

दोन नळ एकदम सोडून फ्लश ओढावा, म्हणजे पाण्याचा दाब कळतो. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतावे. ते कोपऱ्यात साचले तर उतार चुकला आहे, आणि तो सुधारायचा म्हणजे फरशी उखडावी लागते. फरशीवर नाण्याने टिचकी मारत जावे, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. खोल्या टेपने भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजाव्यात, माहितीपत्रकातल्या आकड्यात बरेच काही मिसळलेले असू शकते.

कागदपत्रांसाठी वकील आपला हवा, विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. मालकी कुणाची, घरावर कर्जाचा किंवा दुसऱ्या कुणाच्या हक्काचा बोजा आहे का आणि आधीची थकबाकी किती, एवढे तरी त्याच्याकडून लेखी घ्यावे.

सापडलेल्या दोषांच्या दुरुस्तीचा अंदाज गवंडी आणि प्लंबरकडून इसार, म्हणजे सौदा ठरवतानाची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वीच घ्यावा. नंतर भाव उतरवून मागायला हाती काही राहत नाही. नव्या घरात अपुऱ्या कामांची यादी खोलीवार करून तिच्यावर विक्रेत्याची सही घ्यावी आणि करारातच शेवटच्या रकमेचा काही भाग ती कामे पूर्ण होण्याशी बांधून ठेवावा. सगळे पैसे पोचल्यावर तुंबलेल्या गटारासाठी कुणी फोनही उचलत नाही.

आपला,
एक वाचक