शेणखत म्हणजे कुजलेलं शेणखत, एवढं तरी छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या शेतीच्या पानावरचा मिरचीचा लेख दोनदा वाचला, रात्रभर डोक्यातनं जाईना म्हणून सकाळी धारा काढून लगेच लिहायला बसलोय. रासायनिक खत अजिबात नको, शेणखत टाकलं की बास, असं छापलंय तुम्ही. ते कुजलेलं पाहिजे का कच्चं चालतंय, ह्यावर एक शब्द नाही. तेवढ्या एका शब्दापायी माझं अख्खं पीक गेलंय.

तीन वर्षामागं असंच कुठंतरी वाचून २० गुंठ्यात जवारी मिरची लावली, खताची गोणी एकपण आणली नाही. उकिरडा अर्धवट कुजलेला, वरचं तर ताजं शेण आणि वैरणीची चिपाडं, तेच दोन ट्रॉली ओढलं. रोपं महिनाभर पिवळीच. नंतर कळलं की असलं कच्चं खत कुजताना जमिनीतला नत्र आधी तेच ओढून घेतं. पुढं ऑगस्टमध्ये झाडं भरपावसात माना टाकायला लागली. एक धरून ओढलं तर अलगद हातात आलं, बुडाला एक मूळ शिल्लक नाही. माती उकरली तर शेणाच्या ढेकळात हुमणी, मुळं खाणारी अळी, पांढरी, कमान करून पडलेली, एका बुडाला तीन तीन. बायको बांधावर उभी होती, बघितलं आणि काही न बोलता घरी गेली. मग घाबरून राहिलेल्या झाडांना युरिया फेकला, माप न बघता. पाला माजला, फुलं गळली, कोवळ्या शेंड्यांवर फुलकिडे येऊन पानं आकसून सगळा बोकड्या झाला. त्या वर्षी घरच्या चटणीची मिरचीसुद्धा गडहिंग्लजच्या बाजारातनं विकत आणली.

तेव्हापासून शेणखत आणि रासायनिक खत दोन्ही मिळून टाकतोय. शेणखत असं की मुठीत धरलं तर भुगा व्हावा आणि शेणाचा वास येऊ नये. पाण्याखालच्या, म्हणजे बागायती मिरचीला शिफारस आहे हेक्टरी २० ते २५ टन शेणखत आणि नत्र, स्फुरद, पालाश १००:५०:५० किलो. माझ्या २० गुंठ्याला म्हणजे नत्रासाठी युरियाची ४५ किलोची एक गोणी, निम्मी लागणीला आणि निम्मी महिन्यानं, स्फुरद पालाश सगळं लागणीलाच. शेणखतानं रान भुसभुशीत राहतंय, ओल धरतंय, वरनं दिलेलं खत मुळाशी टिकतंय. नुसत्या गोणीवर रान कडक होतं, आणि नुसत्या शेणखताचा नत्र इतका सावकाश सुटतो की फुलावर आलेल्या झाडाला पुरत नाही.

अजून एक, ह्यावर पण लिहा. ती एक गोणी आणायला गेलं की दुकानदार म्हणतो नुसता युरिया मिळणार नाही, बरोबर ही बाटली घ्या. २६६ रुपये ५० पैशाच्या गोणीमागं सातशेची बाटली! असं दुसरं गळ्यात मारायला, म्हणजे लिंकिंगला बंदी आहे म्हणतात, मग आम्ही तक्रार केली की पुढच्या वेळी आम्हालाच युरिया संपलाय का सांगतात?

आमच्याकडं लोक आता उकिरडे उपसायला लागलेत. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, दुरुस्ती छापा.

आपला,
एक मिरची उत्पादक, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर