पल्ल्याच्या आकड्यामागचे

महोदय,

रेडिओ-नियंत्रणाने उडणाऱ्या छंदाच्या विमानांवर कुठे काही छापून आले की 'पल्ला इतके किलोमीटर' हा एकच आकडा ठळक असतो. मी ८६८ मेगाहर्ट्झचे क्रॉसफायर आणि २.४ गिगाहर्ट्झचे एक्सप्रेसएलआरएस, अशा दोन्ही नियंत्रण-प्रणाली वापरतो. दुसरे मुक्तस्रोत आहे. त्यात सेकंदाला ५०० पॅकेटऐवजी (म्हणजे विमानाला जाणाऱ्या आदेशांच्या संदेशांऐवजी) ५० निवडली, की रिसीव्हरची संवेदनक्षमता सुमारे १० डेसिबलने सुधारते. म्हणजे मोकळ्या हवेत पल्ला जवळपास तिप्पट! मग छापलेला आकडा नेमका कोणत्या दराचा? ८६८ची लहर झाडांआडून बरी पोहोचते, पण तिचा पाव-लहर (लहरीच्या लांबीच्या चौथाईएवढा) अँटेना साडेआठ सेंटिमीटरचा; २.४चा जेमतेम तीन.

माझे ग्लायडर गेले ते मात्र यांपैकी कशानेच नाही. अँटेना मीच कार्बन फायबरच्या नळीला चिकटवला होता. वळताना रेडिओलहरी अडवणारी ती नळी आड आली, सिग्नल तुटला. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करायचे त्या सेटिंगला, 'शेवटची स्थिती' ठेवलेली (तीही माझीच हुशारी), त्यामुळे मोटर सुरूच राहिली आणि विमान डोंगराआड दिसेनासे झाले.

तुलनेचे तक्ते जरूर छापा; पॅकेट-दर आणि अँटेनाची मांडणीही सोबत द्या.

– एक हौशी विमानवेडा