कॉफीच्या लेखात पाणी कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कॉफीवरचा लेख मी दोनदा वाचला. बिया कुठल्या घ्याव्यात, किती भाजाव्यात, कागदी गाळणीवर पाणी किती सावकाश सोडावं, हे सगळं लेखकाने मनापासून लिहिलं आहे. पण हलकी भाजलेली अरेबिका (कॉफीची नाजूक चवीची जात) दूध-साखरेशिवाय ज्याला रुचत नाही, त्याची जीभ अजून तयार व्हायची आहे, हा त्यातला सूर मला पटला नाही. मी लातूरला राहते, एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे. आमच्या जिभेला बोल लावण्याआधी लेखकाने आमचं पाणी बघायला हवं होतं. अख्ख्या लेखात पाण्याबद्दल एक ओळ नाही.

आमच्याकडे पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवर होते. नव्या घरात राहायला गेलं की शेजारीण आधी विचारते, "तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजते का हो?" आमच्या बोअरच्या पाण्यात शिजत नाही. चार शिट्ट्या जास्त केल्या तरी डाळ दाताखाली येते. म्हणून मांजरा धरणाचं नळाचं पाणी आलं की एक घागर वरणासाठी वेगळी भरून ठेवायची, ही सासूबाईंची रीत मी अजून पाळते.

दोन वर्षांपूर्वी बंगळूरला नोकरीला असलेल्या मुलाने चिकमगळूरच्या हलक्या भाजलेल्या अरेबिकाची पाव किलोची पिशवी आणली. त्याने सांगितलं तसं 15 ग्रॅम पूड, 240 मिलिलिटर पाणी, सगळं मोजून केलं. पहिला घोट घेतला तर खडू उगाळून प्यायल्यासारखा. मुलगा म्हणाला, "आई, तिकडे हीच कॉफी संत्र्यासारखी लागते गं." त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे, तेव्हा शंका पाण्यावरच आली. जुन्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी नेलं, ब्युरेटमध्ये ईडीटीए (कठीणपणा मोजायचं द्रावण) भरलं, पाण्यात टाकलेल्या इरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा तांबडा रंग निळा होईपर्यंत थेंब थेंब सोडलं. कठीणपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, निघाला लिटरला 520 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे प्यायला हरकत नाही. पण कॉफीचं खरं नुकसान करते ती अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल मारण्याची ताकद, आणि ती 410 भरली.

ही अल्कता मुख्यतः बायकार्बोनेटची. हलक्या भाजलेल्या बियांची फळासारखी आंबट चव त्यांतल्या सेंद्रिय आम्लांमुळे येते. चिंचेच्या कोळात खायचा सोडा टाकला तर जे होतं, तेच बायकार्बोनेट त्या आम्लांचं करतं. जास्त भाजलेल्या बियांमधली ही आम्लं बरीचशी भट्टीतच गेलेली असतात. उरतो तो कडू-खमंगपणा, आणि त्याला आमचं पाणी तेवढं मारू शकत नाही. आमच्या गावांत गडद भाजणी का रुजली, याचं एक कारण मला इथे दिसतं.

त्याच वर्षी मृगाचे पहिले दोन पाऊस वाहून जाऊ दिले आणि तिसऱ्याचं पाणी गच्चीवर घागरीत धरलं. मुलाने ताजी पिशवी आणली होती. तीच बी, तेच माप, आणि पहिल्याच घोटाला जांभूळ आठवलं! मात्र नुसत्या पावसाच्या पाण्याची कॉफी बोचरी लागते, तिला अंग येत नाही. अर्क नीट उतरायला थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतंच. आता मी आरओच्या पाच भांड्यांत एक भांडं बोअरचं मिसळते. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला आणि झाडांना जातं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव आहे, इथे ते मोरीत सोडवत नाही. आरओ नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या, वरचं फडक्यातून गाळून घ्या. तळाशी जो पांढरा साका बसतो, तो बायकार्बोनेट मोडून झालेला कार्बोनेट असतो.

एवढं करूनही माझी रोजची कॉफी लेखकाला आवडणारी नाहीच. बिदरच्या मावशीने दिलेला पितळी फिल्टर माझ्याकडे आहे. तिच्या शेजारी कर्नाटकातल्या कॉफीच्या मुलखातलं, हासनकडचं कुटुंब होतं, त्यांच्याकडून ती शिकली आणि सुट्टीत गेले की मी तिच्याकडून. मला निम्मी पीबेरी लागते (फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते, ती) आणि निम्मी रोबस्टा (कॉफीची दुसरी, जास्त कडक जात), गडदकडे झुकणारी भाजणी, शेकड्याला दहा चिकोरी. चकती हलकेच दाबायची, वरून उकळतं पाणी, मग वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. दूध मिळालं तर देवणी गाईचं; म्हशीच्या दाट दुधात पीबेरीचा वास बुडतो. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून दुपारी चारनंतर मी ती घेत नाही.

चिकोरीला लेखकाने भेसळ म्हटलं, तेही मला मान्य नाही. ते भाजलेलं मूळ आहे, त्याने रंग येतो, दाटपणा येतो. कायद्याने मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असायला हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. राग येतो तो लपवण्याचा. मागे मी एक पाकीट आणलं, त्यावरचं 47 टक्के चिकोरी हे अक्षर भिंगाखाली सापडलं. सुट्या पुडीवर तर काहीच लिहिलेलं नसतं. घरी बघायचं असेल तर गार पाण्याच्या पेल्यात चिमूटभर पूड भुरभुरवा. कॉफी थोडा वेळ तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत लगेच खाली जाते. दळून देणाऱ्यांनी पिशवीवर प्रमाण आणि भाजल्याची तारीख पेनाने लिहिली तरी पुरे. मी दर वेळी मागते आणि आमच्या दुकानदाराने आता न सांगता लिहायला सुरुवात केली आहे.

पुढचा लेख छापाल तेव्हा लेखकाला एवढी विनंती कळवावी: त्यातली प्रत्येक कॉफी बोअरच्या, टँकरच्या आणि नळाच्या पाण्यात एकेकदा करून बघावी, आणि मग आम्हाला सांगावं.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापिका,
लातूर