गाडी जरूर टिपावी, तिचा ठावठिकाणा मात्र जाहीर करू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यावर दिसलेल्या जुन्या, हौसेने फेरबदल केलेल्या जपानी गाड्यांची छायाचित्रे टिपून ती सर्वांना दाखवण्याचा छंद आता चांगलाच रुजला आहे. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझ्दा रोडस्टर आहे आणि इतरांच्या गाड्या टिपण्याची आवडही आहे, म्हणून या छंदातील एका चुकीच्या प्रथेविषयी लिहीत आहे.

या छंदातला खरा आनंद ओळख पटण्याचा आहे. सुबारूच्या पूर्वीच्या टर्बो (इंजिनात जादा हवा भरून ताकद वाढवणारे यंत्र) असलेल्या इम्प्रेझा गाड्यांत एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या) नळ्या असमान लांबीच्या असत, त्यामुळे त्यांच्या बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनाची तुटक, खोल घरघर गाडी वळणाआड असतानाच ऐकू येते आणि जाणकाराची पावले थबकतात. १९८९ साली आलेल्या निसानच्या आर३२ स्कायलाइन जीटी-आरची गोष्ट आणखी बोलकी आहे. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून २००४ पर्यंत अश्वशक्तीचा जाहीर आकडा २८० च्या वर जाऊ दिला नव्हता, परंतु या गाडीचे २.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन त्याहून कितीतरी अधिक ताकद पेलेल असे घडवलेले होते. अशा गाडीचा टर्बो बदलणारा आणि त्याला साजेसे ब्रेक व सस्पेन्शनही बसवणारा मालक मूळ अभियंत्यांनी राखून ठेवलेली क्षमताच बाहेर आणत असतो. (केवळ सायलेन्सर काढून कर्कश आवाज करणाऱ्यांना मी या पंक्तीत बसवत नाही.) मेहनतीने उभी केलेली अशी गाडी पाहून समोरच्या गाडीतल्या अनोळखी माणसाने हात उंचावला, तर मालकाचा दिवस सत्कारणी लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मात्र गेल्या वर्षी कोणीतरी माझ्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचे छायाचित्र काढून नंबरप्लेट आणि गल्लीच्या नावासह सर्वत्र पसरवले. त्यात वाईट हेतू नव्हता, कौतुकच होते. तरीही आठवडाभरात दोन अपरिचित माणसे दारात येऊन गाडी रात्री कुठे असते याची चौकशी करून गेली आणि त्यानंतर कित्येक रात्री मला नीट झोप लागली नाही. माझ्दाची आरएक्स-७ आणि टोयोटाची जुनी सुप्रा यांचे उत्पादन २००२ मध्ये थांबले, माझी पहिल्या पिढीची रोडस्टर तर त्याआधीच बंद झाली. त्यांचे मूळ सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालल्याने चोरांची नजर पूर्ण गाडीवरच नव्हे, तर रिम आणि सीटवरही असते. त्या काळातील अनेक गाड्यांत चावी ओळखून इंजिन रोखणारी यंत्रणाच नाही. विम्याची भरपाई मिळाली, तरी दहा वर्षे एकेक भाग जमवून उभी केलेली गाडी त्या पैशांत पुन्हा उभी राहत नाही.

म्हणून छायाचित्रे टिपणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, नंबरप्लेट झाकावी, घराजवळ उभी असलेली गाडी टिपू नये आणि मालक जवळपास असल्यास आधी त्याला विचारावे. बहुतेक मालक आनंदाने बॉनेटही उघडून दाखवतात. आपल्या वृत्तपत्रातही वाचकांनी पाठवलेली अशी छायाचित्रे छापताना नंबरप्लेट पुसट करण्याची पद्धत सुरू व्हावी, अशी विनंती करतो.

आपला नम्र,
एक गाडीप्रेमी वाचक