आधीच्यांची भोकं बुजवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते, तर तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणत दुसऱ्या कामाला लागला असता. म्हणून लिहून टाकतोय, तेही चारचौघांत, कारण बोट बाळगणाऱ्या बाकीच्यांनाही हे कळायला हवं.

काल पूर्ण वेगात बोट चालवली आणि पाण्याची खोली दाखवणाऱ्या मशीनवरचा आकडा एकदाही सुटला नाही. याआधी बोटीने वेग धरला रे धरला, की स्क्रीनवर नुसत्या रेघा यायच्या, नाहीतर शेवटचा आकडा तसाच लुकलुकत राहायचा. घरची माणसं बोटीत, आसपास खडक, आणि आपल्याखाली किती पाणी आहे याचा पत्ता नाही. जीव मुठीत धरून जायचो आम्ही.

तुमच्याआधी येऊन गेलेल्यांचा राग अजून गेलेला नाही. एकाने सरळ मशीनच बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने मशीनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक आवाजही टिपायची ताकद, वाढवून ठेवली. पाण्याचा तळ दिसला नाहीच, स्क्रीनभर ठिपके मात्र झाले. आणखी एकाने ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग, इकडून तिकडे हलवला, नवी भोकं पाडली, जुनी उघडीच टाकली आणि पैसे घेऊन गेला. पाण्याकडे यांतल्या एकानेही पाहिलं नाही.

तुम्ही आलात आणि ड्रिल पिशवीतून बाहेरच काढलं नाहीत. "आधी बोट चालवा," म्हणालात. मी चालवत होतो आणि तुम्ही मागे पालथे पडून ट्रान्समखालून, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीखालून, सुटणारं पाणी बघत होता. कुठे ते नितळ सुटतंय, कुठे पांढरं होतंय. मग मला समजेल असं सांगितलंत: पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 15 मीटरवरच्या तळाला लागून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धा पुरतो, पण वाटेत हवेचे बुडबुडे आले की तो तिथेच अडतो. वेगात हे बुडबुडे बोटीच्या तळावरच्या कडांमागून, पाणी आत घेणाऱ्या तोंडांमागून निघतात आणि नेमके ट्रान्सड्यूसरवर येतात. मशीन बिचारं ठीकच होतं! तुम्ही उजव्या बाजूला, बोट ढकलणाऱ्या पंख्यापासून लांब, दोन कडांच्या मधली नितळ पाण्याची जागा हेरलीत. ट्रान्सड्यूसरचं बूड बोटीच्या तळापेक्षा जेमतेम 3 मिलिमीटर खाली, पुढची कड मागच्यापेक्षा किंचित वर. बाकीचं काम तुमचं तुम्हाला ठाऊक.

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच. बोट वर काढल्यावर तुम्ही आधी त्या जुन्या भोकांपाशी बसलात. एकेका भोकातला ओला भुसा टोकरून काढलात, ती पूर्ण वाळू दिलीत, मग इपॉक्सी भरलंत. घट्ट झाल्यावर पुन्हा येऊन घासलंत आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलंत. जिथे नख अडलं तिथे परत घासलंत. हे काम मी सांगितलं नव्हतं, ठरलेल्या पैशांत धरलेलंही नव्हतं. वेगळे पैसे विचारले तर म्हणालात, "आतलं लाकूड कुजलं असतं." बस्स, एवढंच. ज्यांनी ती भोकं पाडली त्यांच्याविषयी वाकडा शब्दही काढला नाहीत.

काका, ती जागा पाण्याखाली राहणार. तिथे कोणी बघायला येणार नाही, शाबासकीही मिळणार नाही. दुसऱ्याने बिघडवून ठेवलेलं निमूटपणे नीट करणारी माणसं आहेत म्हणून आपलं सगळ्यांचं बरं चाललंय. त्यांची नावं कोणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नवा ब्रॅकेट तुम्ही थेट ट्रान्समवर न लावता आधी चिकटवलेल्या पट्टीवर बसवलात, म्हणजे पुढे कधी जागा थोडी सरकवायची झाली तरी बोटीला भोक पडणार नाही. स्क्रूभोवतीचं सीलंट दर मोसमात बघायला सांगितलंत, ते बघेन. एका मित्राची अॅल्युमिनियमची बोट आहे, तळाला रिव्हेट आहेत, आणि त्याचाही आकडा वेगात असाच उडतो. त्याला नवीन मशीन घ्यायला सांगितलंय म्हणे. मी त्याला थांबवलंय आणि तुमच्याकडे पाठवतोय. तेवढं त्याचंही बघा.

तुमचा ऋणी,
एक बोटवाला