स्थानकाभोवती वर्तुळ आखण्याआधी रहिवाशांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी आणि नळस्टॉप–वारजे–माणिकबाग या मेट्रो मार्गांना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. एकूण लांबी सुमारे ३१.६ किलोमीटर, स्थानके २८ आणि अपेक्षित खर्च ९ हजार ८५७ कोटी रुपयांहून अधिक. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या आम्हा सर्वांना ही मेट्रो मनापासून हवी आहे. मार्ग कुठून जाणार, खांब कुठे येणार याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. पण स्थानकांच्या आजूबाजूची वस्ती पुढच्या वीस वर्षांत कशी होणार आणि ते कोण ठरवणार, याची चर्चा अजून सुरूच झालेली नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरपर्यंतचा परिसर 'टीओडी' (वाहतूक-केंद्रित विकास) क्षेत्र मानला जातो आणि तिथे रस्त्याची रुंदी व भूखंडाचा आकार पाहून चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, मिळू शकतो. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर जास्तीत जास्त लोक राहावेत, त्यांनी दुचाकी घरी ठेवून मेट्रोने जावे, हा त्यामागचा विचार. तो मला मान्य आहे, कारण शहर अंतहीन पसरत जाण्यापेक्षा वाहतुकीच्या मार्गालगत दाट होणे केव्हाही बरे. माझा आक्षेप आहे तो जमीन न पाहता प्रत्येक स्थानकाभोवती एकाच मापाचे वर्तुळ काढण्याला.

सिंहगड रस्ता हा एक चिंचोळा पट्टा आहे. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला उजवा कालवा आणि त्याच्यामागे पर्वती-तळजाईच्या टेकड्या. राजाराम पुलापासून हिंगण्यापर्यंत मुख्य रस्त्यावर उभे राहून ५०० मीटर मोजायला गेलात, तर नदीकाठचा बराच भाग त्या वर्तुळात येतो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी याच रस्त्यालगतच्या, नदीकाठच्या एकतानगरीत शिरले, तळमजले बुडाले आणि लोकांना होडीतून बाहेर काढावे लागले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते; या दोन रेषांमध्ये अटी पाळून बांधकाम करता येते. तिथे इमारत जोते उंचावून बांधली तरी खालचा रस्ता, विजेची डीपी आणि सांडपाण्याची वाहिनी पाण्यातच राहणार. अशा जागी वाढीव चटईक्षेत्र द्यायचे की त्या सोसायट्यांना दुसरीकडे बांधकामाचा हक्क देऊन नदीला जागा मोकळी ठेवायची, हा निर्णय निव्वळ कार्यालयात बसून घेता येणार नाही. पाणी आधी कोणत्या गल्लीतून चढते आणि कुठे तुंबते, हे तिथल्या माणसांना बरोबर ठाऊक आहे.

कालव्याच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे. नकाशावर स्थानकापासून तीनशे मीटर दिसणारे घर कालव्यापलीकडे असेल, तर पुलापर्यंत वळसा घालून जावे लागते आणि प्रत्यक्ष चालणे दुप्पट होऊ शकते. वाटेत पदपथ अर्धवट, रात्री दिवे नाहीत, त्यात उतारावरून येणारी वाहने. ज्येष्ठ नागरिक तिथून चालत स्थानक गाठतील, असे गृहीत धरून घनता वाढवली तर ते रिक्षाने जातील किंवा मुलांच्या दुचाकीवर बसतील, आणि अरुंद रस्त्यावरची गर्दी आहे त्याहून वाढेल. दांडेकर पुलाजवळ सप्टेंबर २०१८ मध्ये हाच कालवा फुटला होता, याचाही विचार काठावरची वस्ती दाट करण्यापूर्वी व्हायला हवा. माणिकबागेत तर दोन मार्ग एकत्र येणार आहेत. इथला भार साध्या स्थानकापेक्षा निश्चितच जास्त असेल.

आता विचारविनिमयाच्या पद्धतीविषयी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल करताना नोटीस प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. कायद्याची पूर्तता होते. पण तोपर्यंत प्रस्ताव पक्का झालेला असतो आणि नागरिकाच्या हातात फक्त 'हरकत' उरते. मध्यंतरी एका प्रारूप आराखड्याच्या सुनावणीला मी शेजाऱ्यांबरोबर गेलो होतो. सकाळची एकच वेळ दिल्यामुळे जिना अर्जदारांनी भरून गेला होता. आत टेबलावर आमच्या भागाचा नकाशा नव्हता. अर्जाचा क्रमांक सांगायचा, दोन वाक्यांत म्हणणे मांडायचे, 'नोंद घेतली' एवढे ऐकून बाहेर पडायचे. आमची सूचना का स्वीकारली किंवा का नाकारली, हे पुढे कधीही लेखी कळवले गेले नाही. जुन्या हद्दीच्या २०१३ मधील प्रारूप विकास आराखड्यावर पुणेकरांनी ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना नोंदवल्या होत्या. एवढ्या लोकांना शेवटी हरकत घ्यावी लागते, याचा अर्थ सुरुवातीला त्यांना कुणी विचारले नव्हते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, या मार्गांवर टीओडी क्षेत्र निश्चित करण्यापूर्वी महापालिका आणि महामेट्रोने मिळून स्थानकनिहाय बैठका घ्याव्यात. बैठकीच्या आधी किमान महिनाभर त्या स्थानकाचा मोठ्या मापाचा नकाशा क्षेत्रीय कार्यालयात, शाळेत आणि भाजी मंडईत लावावा. त्यावर गल्ल्या नावानिशी, दोन्ही पूररेषा, कालव्यावरचे पूल, ओढे-नाले, पाणीपुरवठा व मलवाहिन्यांची सध्याची क्षमता आणि पीएमपी बसचे थांबे दाखवावेत. भाषा मराठी आणि सोपी असावी. बैठकीची वेळ संध्याकाळची ठेवावी, म्हणजे नोकरदारांना येता येईल. घरमालकांइतकेच भाडेकरूंना, पथारीवाल्यांना आणि जनता वसाहत या झोपडपट्टीतल्या रहिवाशांनाही बोलावणे आवश्यक आहे, कारण जमिनीचे भाव वाढले की सर्वांत आधी त्यांनाच बाहेर पडावे लागते. आलेल्या प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला आणि त्याचे कारण काय, याचा तक्ता जाहीर व्हावा. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आपल्या कायद्यात २००९ पासून आहे. नगरसेवकांनी ती याच निमित्ताने वापरात आणावी.

यात वेळ जाईल आणि मेट्रो रखडेल, अशी भीती काही जण घालतात. मार्ग पूर्ण व्हायला पाच वर्षे धरली आहेत. त्यातले तीन-चार महिने बैठकांना दिल्याने एकही खांब उशिरा उभा राहणार नाही, कारण भोवतालच्या वस्तीचे नियोजन खांबांच्या कामाला समांतर चालू शकते. उलट पौड रस्त्यावर मेट्रो सुरू झाल्यावरही माझ्या परिचितांच्या सोसायटीला आपण टीओडी क्षेत्रात आहोत, हे पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आलेल्या बांधकाम व्यावसायिकाकडून कळले. सिंहगड रस्त्यावर तरी ही माहिती आधी महापालिकेकडून मिळावी, आणि पहिली बैठक पूररेषेलगतच्या स्थानकापासून सुरू व्हावी.

आपला नम्र,
एक रहिवासी, माणिकबाग, पुणे